बचनागाची शिजवणी

आमच्या कारखान्यातल्या गोळ्यांनी पोस्टमनकाका गेले आणि पुढच्याच आठवड्यात पेपरात छापून आलं, ‘शिजवणी विभागातील महिला कामगाराचा हलगर्जीपणा.’ नाव छापलं नव्हतं, पण शिजवणी विभागात महिला कामगार होतीच एक. माझी थोरली जाऊ.

तो पेपर मी अजून कपाटात जपून ठेवलाय. कशाला ठेवलास, म्हणून नवरा विचारतो. राग शिळा होऊ नये म्हणून, असं मी त्याला सांगते.

बचनाग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमच्या गावाच्या वर उंच डोंगर आहेत. वर जाता जाता झाडं संपतात, नुसतं गवत आणि दगड उरतात, त्या पट्ट्यात बचनाग उगवतो. कमरेएवढं रोप. उन्हाळा सरताना त्याला गडद निळी फुलं येतात, बाळाच्या टोपड्यासारखी पुढून झाकलेली. दिसायला इतकी देखणी की लोक परसात शोभेला लावतात. पण पानापासून मुळापर्यंत सगळं विषारी, आणि मूळ सर्वांत जास्त. करंगळीच्या पेराएवढा कच्चा तुकडा धडधाकट माणसाला पुरेसा होतो. तेच मूळ तीन दिवस पाणी बदलत भिजवलं, चिरलं आणि आठ तास उकळलं, की विष मरतं आणि सांधेदुखीवरचं औषध होतं. आमचा कारखाना त्याच औषधाच्या गोळ्या करायचा.

विष मेलं की नाही, हे बघायचं काम जाऊबाईंचं. एकोणीस वर्षं त्यांनी ते केलं. शिजलेल्या मुळाचा तीळभर तुकडा जिभेच्या टोकावर घ्यायचा, चावायचा, थुंकायचा, चूळ भरायची आणि घड्याळाकडे बघत पाव तास गप्प बसायचं. जीभ झिणझिणली तर कढई परत चुलीवर. घरात आम्ही म्हणायचो, जाऊबाई गप्प बसतात तो दिवसातला तेवढाच पाव तास. थोरले भावोजी जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हापासून त्या आमच्याबरोबरच राहत. माझा नवरा दुधाची गाडी चालवतो. मलाही कारखान्यात त्यांनीच लावलं. मी पॅकिंगच्या हॉलमध्ये, बाटल्या भरायच्या आणि चिठ्ठ्या चिकटवायच्या.

थोरले मालक होते तोवर सगळं ठीक होतं. ते रोज शिजवणीच्या खोलीत यायचे आणि मालिश तेलाची एखादी बाटली हातात घेऊन उगाच विचारायचे, “काय बाई, आज जीभ काय म्हणते?” मग ते अंथरुणाला खिळले आणि कारखाना त्यांच्या जावयाकडे आला. आम्ही पाठीमागे त्याला जावईबापू म्हणायचो. थाटही तसाच. आला की सगळ्यांनी उभं राहायचं, विनोद केला की हसायचं, आणि त्याला काही हवं झालं तर ते कालच आणून ठेवलेलं असायला हवं.

त्याने शिजवणीचं नवं यंत्र आणलं. स्टीलचं, माणसाहून उंच, झाकणाला चाक. बटण दाबलं की वाफेच्या दाबाने मुळं शिजायची. जाऊबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्या चष्मा लावून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका तीन दिवस वाचत बसल्या. मग घरी म्हणाल्या, “यंत्र चांगलं आहे गं. आठ तासांचं काम दोन तासांत करतं. माझी कंबर तरी सुटेल.” पहिला घाणा त्यांनीच लावला. मुळं तीन दिवस भिजवलेली, चिरलेली, यंत्रात पूर्ण दोन तास. तपासून बघितला आणि खूश झाल्या. त्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि तिकडून शिक्क्याचा दाखला आला. जावईबापूने तो काचेच्या चौकटीत घालून ऑफिसात टांगला.

मग मोठ्या शहरातल्या दुकानांची मागणी आली. थंडीच्या आत एवढ्या बाटल्या हव्यात म्हणून. आमचं सगळ्यांचं काम दुप्पट झालं आणि जावईबापूच्या डोक्यात एकच शब्द घुमायला लागला: लवकर. आधी भिजवणं तीन दिवसांवरून एका दिवसावर आलं. मग तेही गेलं. मग चिरणं गेलं, मुळं अख्खीच यंत्रात पडायला लागली. दोन तासांचा एक तास झाला आणि एका तासाची चाळीस मिनिटं. जाऊबाई प्रत्येक वेळी भांडल्या. प्रत्येक वेळी तो ‘या वेळेपुरतं’ म्हणाला. त्याच्यासमोर भांडून झालं की त्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर तोच घाणा परत यंत्रात टाकून शिजवून काढायच्या. दोन ते सहा, पाच घाणे त्यांनी असे सांभाळले. बरेच दिवस कोणाला कळलंसुद्धा नाही. शेवटी ही गोष्ट जावईबापूला मुकादमाकडून कळली आणि त्याने शिजवणीच्या खोलीची किल्ली काढून घेतली.

सातव्या घाण्याच्या दिवशी मी रिकामे डबे द्यायला त्या खोलीत गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

जाऊबाईंनी एक मूळ मधोमध चिरलं आणि जावईबापूसमोर धरलं. “हे बघा. मध्ये पांढरं आहे. आत कच्चं आहे हे.”

“रंगावरून काही ठरत नाही.”

“रंगावरून नाही ठरवलं. जिभेवर ठेवलंय मी. माझे ओठसुद्धा अजून बधिर आहेत. नीट बोलता येत नाहीये, ऐकताय ना?”

“बाई, आजच्या जगात औषधं जिभेने तपासत नाहीत,” तो हसून म्हणाला. “दाखला आहे आपल्याकडे.”

“कोणत्या घाण्याचा?”

“यंत्राचा दाखला आहे.”

“पहिल्या घाण्याचा आहे. तो मी दोन तास शिजवला होता. हा सातवा आहे, चाळीस मिनिटांचा.” त्यांनी त्या मुळाचा कण काढून बशीत ठेवला आणि बशी त्याच्यासमोर सरकवली. “तुम्हाला खात्री आहे ना? मग घ्या जिभेवर. मी घेतलाय त्याच्या निम्मा घ्या.”

तो एक पाऊल मागे सरकला. मी बघितलं. स्वतःच्या तोंडात कणभर घ्यायला ज्याचा जीव घाबरला, तो माणूस त्याच गोळ्या भरून दुसऱ्यांच्या घरी पाठवायला निघाला होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं. मी डबे ठेवले आणि मुकाट बाहेर आले.

जाऊबाईंनी शिजवणीच्या रजिस्टरमध्ये पान बेचाळीसवर लिहिलं, ‘घाणा सात. कच्चा. जीभ बधिर होते. पुन्हा शिजवावा.’ खाली सही केली. थोड्या वेळाने डबे न्यायला परत गेले, तेव्हा मी ते वाचलं. जावईबापूने खोलीला कुलूप लावलं, आणि तो घाणा वाळवायला, दळायला आणि गोळ्या वळायला गेला.

पाच दिवसांनी त्या गोळ्या माझ्या टेबलावर आल्या. जाऊबाई एप्रनला हात पुसत पॅकिंगच्या हॉलमध्ये आल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या. “सातच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावू नकोस. हात दुखतो म्हण, ताप आला म्हण, काहीही म्हण. चिठ्ठी लागली नाही तर माल बाहेर जात नाही.”

“मुकादम बघतोय जाऊबाई.”

“बघू दे.”

त्या गेल्या. मुकादम माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्या महिन्यात नवऱ्याची गाडी गॅरेजमध्ये पडून होती, दोन मुलींच्या शाळेची फी तोंडावर आली होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली, आज सबब म्हणून तुम्हाला सांगत नाही. मी चिठ्ठ्या लावल्या. दोनशे चाळीस. चिठ्ठीवर निळ्या टोपड्याचं ते फूल, खाली औषधाचं नाव, त्याखाली सात आकडा.

पोस्टमनकाकांना गावात सगळे ओळखायचे. तीस वर्षं त्यांनी आमच्या चढउताराच्या गल्ल्यांतून पत्रं वाटली, आणि गुडघे त्या पायऱ्यांनीच घेतले. निवृत्त झाल्यावरही कोणाचं पत्र चुकीच्या दारात पडलेलं दिसलं की ते स्वतः उचलून नेऊन द्यायचे. एका सकाळी त्यांनी नव्या बाटलीतल्या दोन गोळ्या घेतल्या. थोड्या वेळाने काकूंना म्हणाले, तोंडात मुंग्या येताहेत. मग हातात मुंग्या, मग उलट्या. दवाखान्यात नेईपर्यंत छातीत घोडा उधळल्यासारखं होतंय म्हणत होते. शेवटपर्यंत शुद्धीत होते. दुपारी गेले.

मी ही बातमी भाजी घेताना ऐकली. घरी आले तेव्हा जाऊबाई कांदा चिरत होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, “तोंड बधिर झालं म्हणाले होते का?”

“हो.”

त्या उठल्या, हात धुतले, पायात चपला घातल्या आणि थेट दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांना गाठून सांगितलं की गोळ्यांत कच्चा बचनाग आहे, सातव्या घाण्याच्या सगळ्या बाटल्या परत मागवा, आजच्या आज. त्यांच्यामुळेच बाकीच्या बाटल्या वेळेत थांबल्या. आणखी तिघं जण आजारी पडले होते, ते वाचले. हे पेपरात आलं नाही. पेपरात आलं ते मी सुरुवातीला सांगितलं.

जावईबापूने हात वर केले होते. शिजवणीची जबाबदारी त्या बाईची होती, तिला नवी पद्धत जमली नाही, ती अजून चाटून बघत होती, विज्ञानाच्या काळात चाटून, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. जिच्या जिभेने एकोणीस वर्षं गावाला वाचवलं, तिची जीभच आता पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध उभी केली गेली. जाऊबाईंना कामावरून काढलं. पोलिसांनी दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं आणि तेच तेच प्रश्न विचारले. शेजारची, रोज आमच्या दारात उभी राहून गप्पा मारणारी बाई, त्या जाताना दिसल्या की मुलाला आत ओढून घ्यायला लागली. जणू विष ह्यांच्या अंगाला लागलं होतं.

आणि घरात? घरात जाऊबाईंनी चिठ्ठ्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांनी मला बोल लावले असते तर बरं झालं असतं. जेवायला वाढताना त्या माझ्याकडे बघायच्या, मी ताटाकडे बघायचे.

पुढच्या सोमवारी औषध खात्याच्या निरीक्षक बाई चौकशीला येणार होत्या. शुक्रवारी मुकादमाने मला बाजूला घेतलं. “साहेबांनी तुमचं नाव साक्षीत घातलंय. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की घाणा कच्चा आहे असं बाईंनी कधी कोणाला सांगितलं नाही. घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर विषय संपला. आणि शिजवणीच्या खोलीला आता नवी मुख्य लागणारच आहे. साहेबांच्या डोक्यात तुमचं नाव आहे.”

मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही, हे सांगायला लाज वाटते. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांचंही. त्याने आधी मुलींच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, “आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वहिनी नवी नवरी होऊन आली होती आणि तिने मला हाताला धरून शाळेत नेलं. त्या खोलीत तू काय बोलायचं ते मी सांगणार नाही. पण तिच्याविरुद्ध बोलून या घरात कसं यायचं, ते तू ठरव.”

शनिवारी सकाळी मी पोस्टमनकाकूंच्या दाराशी गेले. दार काकूंनीच उघडलं. मी ओळख सांगितली आणि एका दमात बोलून टाकलं. घाणा कच्चा आहे हे मला माहीत होतं, चिठ्ठी लावू नकोस असं मला सांगितलं होतं, तरी मी लावली.

काकूंनी मला आत बोलावलं नाही. “तू लावलीस?”

“हो.”

“या हातांनी?”

मी हात मागे घेतले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “ते बाटली घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, चिठ्ठी किती सुबक लावलीय बघा. चांगली कंपनी असणार.” आणि त्यांनी दार लावलं. जोरात नाही, हळूच. जोरात लावलं असतं तर मला सोसलं असतं.

सोमवारी कारखान्याच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला निरीक्षक बाई बसल्या. बारीक चणीच्या, केस आखूड, समोर वही. दुसऱ्या बाजूला जावईबापू आणि त्याचा वकील. दाराशी भिंतीला टेकून जाऊबाई, बसायला खुर्ची दिली नव्हती म्हणून उभ्या. निरीक्षक बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी वकिलाकडे बघितलं, आणि बाजूच्या खुर्चीवरची त्याची बॅग उचलून खाली ठेवली, खुर्ची रिकामी करून दिली.

रजिस्टर आलं. निरीक्षक बाईंनी पानं उलटली. “एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस. बेचाळीस कुठे आहे?”

“बाईंनीच फाडलं असणार,” जावईबापू म्हणाला. “रजिस्टर त्यांच्याच ताब्यात असायचं.”

“खोलीची किल्ली तुम्ही माझ्याकडून काढून घेतली होती,” जाऊबाई म्हणाल्या.

“काही पुरावा?”

मग वकिलाने मला पुढे बोलावलं. छान, गोड आवाजात विचारलं, “तुम्ही यांच्या जाऊ. एका घरात राहता. घाणा कच्चा आहे असं यांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का?”

“सांगितलं होतं,” मी म्हणाले.

त्याला वाटलं मी प्रश्न चुकीचा ऐकला. त्याने परत विचारला.

“सांगितलं होतं. मला सांगितलं, साहेबांना माझ्यासमोर सांगितलं. बशीत कण काढून दिला, तुम्ही घेऊन बघा म्हणाल्या. साहेब मागे सरकले. चाळीस मिनिटांत काढलेला घाणा होता, भिजवलेलाही नव्हता. पान बेचाळीसवर लिहिलं होतं, ‘कच्चा, पुन्हा शिजवावा.’ मी वाचलंय ते. आणि मला सांगितलं, सातच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावू नकोस. मी लावल्या. दोनशे चाळीस चिठ्ठ्या मी लावल्या, हे पण लिहून घ्या.”

वकिलाचा गोडवा क्षणात आटला. “या त्यांच्या नातेवाईक आहेत. घरच्या माणसाच्या साक्षीला काय किंमत?”

“मला साक्षीला तुम्हीच आणलंत,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, पण मला थांबता येईना. “शुक्रवारी घरचं माणूस चालत होतं. शिजवणीची मुख्य करतो म्हणत होतात. आज मी खरं बोलले तर नातेवाईक झाले होय?”

निरीक्षक बाईंनी पेन वर केलं. “मुख्य करतो, असं कोण म्हणालं?”

मी दाराकडे वळले, पण तिथे उभा असलेला मुकादम नाहीसा झाला होता. तेवढ्यात त्याच दारातून पोस्टमनकाकू आत आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. हातात कागदी पिशवी होती, तिच्यात बाटली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. “पोलिसांनी गोळ्यांचा नमुना नेला, बाटली माझ्याकडेच राहिली. यात अजून बावीस गोळ्या आहेत. मोजा, तपासा, काय करायचं ते करा. आणि हा माणूस या बाईंच्या अंगावर ढकलतोय ते थांबवा. माझा नवरा गेला त्या दिवशी यांच्याकडून एकही जण भेटायला आला नाही. ह्या बाई मात्र दवाखान्यात धावत आल्या होत्या. मी तिथेच बसले होते, मी बघितलंय.” माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

जावईबापू उभा राहिला. “बाटलीत काय आहे हा प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की यंत्र नीट चाललं होतं आणि बाईंनी ते नीट वापरलं नाही.”

जाऊबाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “नीट चाललं ना? मग यंत्रालाच विचारा.”

“म्हणजे?”

“त्याच्या उजव्या बाजूला छोटं दार आहे. आत कागदाचं भेंडोळं असतं. सुई त्याच्यावर रेघ काढत असते, किती ताप, किती वेळ. पुस्तिकेत सतराव्या पानावर लिहिलंय. संपलं की मीच बदलायचे.” त्या त्याच्याकडे वळल्या. “रजिस्टरचं पान फाडलंत. हे फाडायला तुम्हाला आठवलं नाही. पुस्तिका कधी उघडलीच नाहीत ना.”

सगळे शिजवणीच्या खोलीत गेले. निरीक्षक बाईंनी दार उघडून भेंडोळं बाहेर काढलं आणि फरशीवर उलगडत नेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. निळ्या शाईची रेघ होती. पहिला घाणा पसरट, डोंगरासारखा. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येकाचे दोन दोन उंचवटे, एक दिवसाचा अरुंद आणि त्याच संध्याकाळचा दुसरा रुंद. सातव्याचा एकच. टोकदार, सुळक्यासारखा. बाजूला तारीख आणि वेळ. चाळीस मिनिटं.

“हे दुसरे उंचवटे कसले?” निरीक्षक बाईंनी विचारलं.

“मी परत शिजवायचे ते,” जाऊबाई म्हणाल्या. “चोरून.”

मला जावईबापूचं नाक त्या कागदावर घासावंसं वाटलं. पाच घाणे एक बाई चोरून, वर बोलणी खात, अनोळखी माणसांचे जीव वाचवत होती, आणि तिला चोर ठरवून ह्यांनी बाकावर बसवलं होतं.

जावईबापू म्हणाला, “यंत्र बिघडलं असेल.”

“तुम्ही बाहेर ज्याचा दाखला टांगलाय तेच यंत्र ना?” निरीक्षक बाईंनी विचारलं आणि भेंडोळं गुंडाळायला लागल्या.

घरी येताना जाऊबाई आणि मी बरोबर चाललो. मी म्हणाले, “जाऊबाई, चिठ्ठ्यांचं…”

“आज बोललीस ते चांगलं केलंस,” त्या म्हणाल्या. “पण माफ केलं असं मी म्हणणार नाही. ते माझ्या हातात नाही. त्या काकूंच्या हातात आहे. त्या म्हणतील तेव्हा मी म्हणेन.” थोडं पुढे जाऊन त्या थांबल्या. “आणि मुलींच्या फीसाठी लावल्या असं कधी कोणाला सांगू नकोस. पोरींना त्याचं ओझं होईल.”

पुढे काय झालं? परवाना रद्द झाला, कारखान्याला टाळं लागलं. जावईबापूवर खटला भरला, तो जामिनावर सुटला. तीन वर्षं झाली, तारखा पडताहेत. चाळीस बायकांची कामं गेली. आणि मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की त्या चाळीसातल्या निम्म्या आजही म्हणतात, तुझ्या जाऊने तोंड आवरलं असतं तर आपल्या चुली पेटत्या राहिल्या असत्या. पोस्टमनकाकांची चूल? ती कोणी मोजत नाही. तिघं जण वाचले, त्यांच्या घरचेही कधी जाऊबाईंना भेटायला आले नाहीत. आम्ही दोघी आता हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम करतो. वाफ तिथेही आहे, पण तिथे कोणी मरत नाही, असं जाऊबाई म्हणतात.

मागच्या वर्षी जावईबापूने बाजाराच्या रस्त्यावर रोपांचं दुकान उघडलं. पुढच्या फळीवर, सगळ्यांत मोक्याच्या जागी, कुंड्यांत काय ठेवलं होतं? बचनाग. ‘निळी राणी’ असं गोंडस नाव देऊन. ‘सावलीत वाढते, फुलदाणीत आठवडाभर टिकते.’ विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, ह्यातला एक शब्द नाही. जाऊबाईंनी खात्यात अर्ज दिला. उत्तर आलं, शोभेच्या रोपांबाबत अशी सूचना लिहिण्याची सक्ती नाही.

म्हणून जाऊबाई दर रविवारी त्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहतात. कुंडी घेऊन निघालेल्या प्रत्येकाला थांबवतात. “फूल चांगलं आहे हो, जरूर लावा. पण उघड्या हाताने खुडू नका, देठ कापला की हात धुवा, फुलदाणीतलं पाणी कुत्र्यामांजराला लागू देऊ नका, आणि घरात लहान मूल असेल तर आत्ताच्या आत्ता परत करा.” बरेच जण परत करतात. जावईबापूने दोनदा पोलिसांना बोलावलं. दुसऱ्या वेळी जो हवालदार आला, त्याने सगळं ऐकून घेतलं, फुटपाथ सार्वजनिक आहे म्हणाला आणि स्वतःच्या बायकोने आणलेली कुंडी कुठे ठेवलीय ते फोन करून विचारलं.

मीही असते रविवारी. गेल्या रविवारी एक बाई चिडून म्हणाली, “तुम्हाला काय पडलंय? एवढा तिटकारा कशाला एका फुलाचा?”

“फुलाचा कसला तिटकारा?” जाऊबाई म्हणाल्या. “फूल बिचारं कोणाला फसवत नाही.” आणि दुकानात गल्ल्यावर बसलेल्या त्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.